वाचकांचे प्रश्न : रात्री जागणारा कुत्रा

या वेळची निम्मी पत्रं रात्रीची आहेत. कुणाचं पिल्लू केकाटतं, कुणाचा म्हातारा कुत्रा घरभर येरझारा घालतो, कुणाचा चांगला धडधाकट कुत्रा पहाटे साडेचारला पांघरूण ओढतो. तक्रार सारखी वाटली तरी कारणं वेगवेगळी असतात, म्हणून उत्तरांआधी सगळ्यांना एकच काम सांगतो. पाच रात्री उशाशी वही ठेवा आणि तीन रकाने भरा. किती वाजता उठला, उठून काय केलं आणि पुढच्या पाच मिनिटांत त्याला काय मिळालं. तिसरा रकाना भरताना लोक जरा कचरतात (‘बिस्कीट दिलं’, ‘पलंगावर घेतलं’), पण गाठ बहुतेक वेळा तिथेच सापडते.

दुसरं असं, की कुत्रा आपल्यासारखा सलग सात-आठ तास झोपतच नाही. रात्रभरात तो वीसेक वेळा जागा होतो. साधारण पाव तास झोप, पाच मिनिटं जाग, पुन्हा झोप, असं चालतं. कान हलवतो, कूस बदलतो, उसासा टाकून परत डोळे मिटतो. तेव्हा ‘रात्रभर झोपला’ याचा अर्थ जाग आल्यावर तुम्हाला न उठवता तो पुन्हा झोपला, एवढाच घ्यायचा.

प्रश्न : आठ आठवड्यांचं पिल्लू आणून चार दिवस झाले. रात्री त्याला स्वयंपाकघरात क्रेटमध्ये (जाळीच्या पिंजऱ्यात) ठेवतो. दिवा मालवला की जे रडायला लागतं ते तासभर थांबत नाही. घरातले म्हणतात रडू द्या, तीन रात्रींत गप्प होईल. तसं करावं का?

उत्तर : करू नका. गप्प होईलही कदाचित, पण रडून उपयोग नाही एवढंच शिकून गप्प होईल, आणि क्रेटची धास्ती मनात बसेल ती वेगळीच. चार दिवसांपूर्वीपर्यंत हे पिल्लू आईच्या आणि भावंडांच्या ढिगात झोपत होतं. त्याला एकट्यानं झोपायची सवयच नाही.

क्रेट उचलून तुमच्या पलंगाशेजारी आणा. तुम्ही पडल्या पडल्या हात खाली सोडलात तर बोटं जाळीपर्यंत पोचली पाहिजेत. जमिनीवर ठेवल्यावर पिल्लाला तुम्ही दिसत नसाल, तर पहिले काही दिवस क्रेट न डगमगणाऱ्या स्टुलावर ठेवा. आत पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय ताणून आडवं होता यावं, एवढीच जागा हवी. मोठ्या जातीसाठी मोठा क्रेट घेतला असेल तर मध्ये पार्टिशन घाला. जागा जास्त झाली की पिल्लू एका कोपऱ्यात शू करतं, दुसऱ्यात झोपतं, आणि मग धरून ठेवायला ते शिकत नाही. तीन बाजूंवर चादर टाका, समोरची बाजू उघडी ठेवा. आधीच्या घरून आईच्या वासाचं फडकं मिळालं तर उत्तम. मात्र चिंध्या करून गिळणारं पिल्लू असेल तर ते आत न ठेवता बाहेरून जाळीला बांधा.

आता वेळापत्रक. महिन्यांत जेवढं वय, त्यात एक मिळवला की शू किती तास धरता येईल याचा ढोबळ अंदाज येतो. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तीन तास. रात्री लघवी कमी तयार होत असल्यानं त्याहून थोडं जास्त धकतं, पण सुरुवातीला त्या भरवशावर राहू नका. तुम्ही अकराला झोपत असाल तर शेवटचं जेवण सातला, पाण्याचं भांडं साडेनऊला उचलायचं, शेवटची शू पावणेअकराला. गजर दोनचा आणि पाचचा. पाणी उचलणं फक्त निरोगी पिल्लासाठी. दिवसभर त्याला पोटभर पाणी मिळालेलं असावं, आणि उकाड्यात हा नियम बाजूला ठेवा.

गजर पिल्लाच्या रडण्याआधी वाजला पाहिजे, यात सगळं आलं. रडल्यावर तुम्ही उठलात तर रडणं हीच बेल ठरते. दोन वाजता दिवा न लावता, न बोलता, पट्टा लावून त्याला उचलूनच शूच्या जागी न्या. चालत नेलं तर वाटेतच होईल. तिथे पाच मिनिटं पुतळ्यासारखे उभे राहा. पिल्लू नाक जमिनीला लावून घिरट्या घालायला लागलं की आता होणार समजा. झाली की हळू आवाजात एक ‘शाब्बास’ आणि थेट क्रेट. पाच मिनिटांत नाही झाली तरी थेट क्रेटच, वीस मिनिटांनी पुन्हा न्यायचं. या वेळी चेंडू, लाड, खाऊ यांतलं काही नाही. रात्री दोनला एकदा खेळलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशी बरोबर दोनला खेळायला हजर असतं.

तीन रात्री कोरड्या गेल्या की दोनचा गजर पंधरा मिनिटं पुढे सरकवा. मग पुन्हा तीन रात्री. तो पाचच्या गजराला भिडला की दोन्हींचा एक होतो. एखाद्या रात्री ओलं झालं तर एक टप्पा मागे या, ओरडू नका. बहुतेक पिल्लं चार महिन्यांच्या आसपास सहा तास काढतात. लहान जातींना थोडा जास्त वेळ लागतो.

गजरांच्या मधल्या रडण्याचं काय? नुकतीच शू झाली असेल तर ते सोबतीसाठी आहे. बोटं जाळीशी न्या आणि तशीच ठेवा, बोलू नका. आधी कुंई कुंई तुटक होते, मग नाक बोटांना टेकतं, श्वास लांबतो आणि एक मोठा सुस्कारा येतो. तो आला की हात काढा. शांत पडलेलं पिल्लू अचानक उठून अस्वस्थपणे जाळी खरडायला लागलं, तर मात्र गजराची वाट न बघता बाहेर न्या. दोन आठवडे शांत गेले की क्रेट दर दोन-तीन रात्रींनी हातभर दाराकडे सरकवत, हव्या त्या खोलीत नेता येतो.

प्रश्न : साडेचार महिन्यांची मादी दिवसा एकदम व्यवस्थित आहे, पण रात्री रोज त्याच कोपऱ्यात शू करते. फरशी रोज जंतुनाशकानं पुसतो.

उत्तर : पुसल्यावर तुम्हाला वास येत नाही, तिला येतो. लघवीचा वास मोडायला एन्झाइम असलेलं क्लीनर लागतं. ते पाळीव प्राण्यांच्या सामानात मिळतं, किंवा एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात विरघळवून वापरा. नुसतं ओलं करून पुसू नका. दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या, मग टिपून घ्या. अमोनिया असलेलं क्लीनर तर अजिबात नको, त्याचा वास तिला लघवीसारखाच लागतो आणि तुम्ही रोज नव्यानं पाटी लावल्यासारखं होतं. त्या कोपऱ्यात तिची गादी ठेवून बघा, झोपायच्या जागी सहसा कुत्रा घाण करत नाही.

ती झोपेतच ओली होत असेल, थेंब-थेंब करत असेल किंवा शू करताना कण्हत असेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून लघवी तपासून घ्या. संसर्ग असेल तर शिकवून काही होणार नाही.

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा कुत्रा रोज पहाटे साडेचारला पंजा मारून उठवतो. शू करतो, जेवण मागतो, जेवला की पुन्हा सातपर्यंत ढाराढूर. आमची मात्र झोप गेलेली असते.

उत्तर : तुमच्याच पत्रात तिसरा रकाना भरलेला आहे. साडेचारला उठवलं की जेवण. एवढ्या पगारावर कोण उठवणार नाही?

आधी दोन गोष्टी बघून घ्या. तो रात्री किती वाजता झोपतो? नऊलाच घोरायला लागत असेल तर साडेचारला त्याचे साडेसात तास झालेले असतात. शेवटची फेरी दहा-साडेदहाला करा. दुसरं म्हणजे उजेड आणि आवाज. वहीत वेळ मिनिटापर्यंत सारखी येत असेल तर रोज त्या वेळी वाजणारं काहीतरी शोधा. पंप सुरू होत असेल, कुणाची गाडी निघत असेल. जाड पडदा आणि रात्रभर पंख्याचा एकसुरी आवाज, एवढ्यावर काही घरांत प्रश्न मिटतो.

नाही मिटला तर जेवण आणि जाग यांची फारकत करायची. तो साडेचारला उठतो, म्हणून तुमचा गजर सव्वाचारला लावा. गजर वाजला की तुम्हीच उठा, त्याला शूला न्या, परत आणा, दिवा न लावता झोपा. जेवण सात वाजता आणि तेही उठल्यावर लगेच नाही. आधी दात घासा, चहा ठेवा, अर्ध्या तासानं भांडं भरा. चार-पाच दिवसांत उठायची खूण पंजाऐवजी गजर होते. मग दर तीन दिवसांनी गजर दहा मिनिटं पुढे. सव्वाचार ते सव्वासहा हे बारा टप्पे, म्हणजे छत्तीस दिवस. फार वाटतात खरे, पण गेली दोन वर्षं तुम्ही साडेचारला उठतच आहात.

गजराआधी पंजा आला तर प्रतिसाद शून्य. ‘गप रे’ म्हणणं, हात झटकणं, त्याच्याकडे बघणं, हेही त्याच्या हिशेबात प्रतिसादच. आणि एक सावधगिरी. दुर्लक्ष सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या रात्री हा प्रकार आधी वाढतो. पंजावरून भुंकण्यावर, भुंकण्यावरून पलंगावर उडी मारण्यापर्यंत जातो. बहुतेक लोक नेमके त्याच रात्री हार मानतात आणि मग कुत्रा शिकतो की चिकाटी ठेवली तर मिळतं. त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी एकच वागायचं ठरवा. कुणीतरी एकजण गुपचूप बिस्कीट देत असेल तर छत्तीस दिवस फुकट.

प्रश्न : पहाटे उठून पिवळा फेस ओकतो, मग गवत खातो. बाकी दिवसभर ठणठणीत.

उत्तर : संध्याकाळी सहा-सातला जेवून सकाळपर्यंत पोट रिकामं राहिलं की पित्त जठरात चढतं आणि असा पिवळा फेस येतो. रोजचं जेवण वाढवू नका, त्यातलाच चौथा हिस्सा बाजूला काढून झोपायच्या आधी द्या. आठवडाभरात फरक दिसला नाही, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, वजन उतरत असेल किंवा दिवसाही उलट्या होत असतील तर डॉक्टरांकडे जा.

याच्याशी गल्लत करू नये असा एक प्रकार आहे. कुत्रा रात्री अचानक अस्वस्थ होतो, पुन्हा पुन्हा ओकायचा प्रयत्न करतो आणि लाळेखेरीज काही पडत नाही, पोट फुगून ढोलासारखं ताणतं. खोल छातीच्या मोठ्या जातींत हे जास्त. यात जठर फुगून पीळ बसलेला असू शकतो. सकाळची वाट बघायची नाही, फोन करून त्याच मिनिटाला निघायचं. काही तासांत जीव जातो.

प्रश्न : रोज संध्याकाळी आठ ते नऊ मैदानावर चेंडू फेकतो. कुत्रा (वय दीड वर्ष) दमून धापा टाकतो, पण घरी आल्यावर अकरापर्यंत सोफ्यावरून उड्या. आणखी पळवू का?

उत्तर : आणखी नको. ‘दमवला की झोपतो’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. तासभर चेंडूमागे सुसाट धावलेल्या कुत्र्याचे पाय दमतात, पण अंगातली उत्तेजना उतरायला बराच वेळ लागतो. शिवाय रोज तेवढं पळवत गेलात तर दोन महिन्यांनी अधिक दमसासाचा कुत्रा तयार होईल आणि उड्या तेवढ्याच राहतील.

चेंडू सकाळी न्या किंवा झोपायच्या निदान दोन तास आधी संपवा. रात्रीची फेरी हुंगण्याची करा. पट्टा दोन-तीन मीटर लांब, वीस-तीस मिनिटं, अंतर किती होतं याला महत्त्व नाही. एकाच झुडपाशी तो चार मिनिटं उभा राहिला तर राहू द्या. घरी आल्यावर त्याच्या जेवणातलं मूठभर कोरडं खाणं जुन्या टॉवेलवर पसरा, टॉवेल सैल गुंडाळा आणि त्याला नाकानं उलगडू द्या. त्यानंतर चघळायला काहीतरी, पण गिळता येणार नाही एवढं मोठं. चघळणं आणि चाटणं या दोन्हींनी कुत्रा शांत होतो. मग शू, दिवे मंद, गादी. हाच क्रम रोज ठेवलात तर दहा-बारा दिवसांत टॉवेल गुंडाळताना बघूनच जांभया यायला लागतात.

हाच प्रश्न पिल्लाबाबत असता तर उत्तर वेगळं असतं. रात्री नऊला वेड्यासारखं धावणारं, चावरं झालेलं पिल्लू बहुधा झोपेला आलेलं असतं. पिल्लांना चोवीस तासांत अठरा-वीस तास झोप लागते आणि माणसांच्या घरात दिवसभर त्यांना कुणी ना कुणी उठवत राहतं. दुपारी दोन वेळा क्रेटमध्ये निवांत झोपवा, रात्रीचा धिंगाणा कमी होतो.

प्रश्न : निवाऱ्यातून तीन वर्षांचा कुत्रा आणून आठवडा झाला. रात्री झोपतच नाही. दारापाशी जातो, परत येतो, उभ्या उभ्या पेंगतो.

उत्तर : आठवडा फारच थोडा. अनोळखी घरात कुत्रा गाढ झोपेचा धोका पत्करत नाही, आडवं होण्याइतकाही विश्वास अजून बसलेला नसतो. पहिले तीन आठवडे त्याला तुमच्याच खोलीत झोपवा. गादी भिंतीला लागून, दार दिसेल अशी, पण दाराच्या वाटेत नाही. खोलीत मंद दिवा ठेवा. येरझारा घालताना त्याला धरून बसवू नका. तुम्ही जमिनीवर बसा, पाठ त्याच्याकडे करा, एखादं पुस्तक चाळा. पुष्कळ कुत्रे दहा मिनिटांत जवळ येऊन पडतात. पुढे गादी वेगळ्या खोलीत न्यायची असेल तर दर तीन रात्रींनी अर्धा मीटर सरकवा.

बाहेरचं दार उघडण्याआधी गळपट्टा आणि पट्टा लावलेला असलाच पाहिजे, मध्यरात्रीच्या शूलासुद्धा. नवे कुत्रे अशाच वेळी निसटतात.

महिन्यानंतरही एकटा सोडला की दार कुरतडणं, लाळ गळणं, नखांतून रक्त येईपर्यंत खरवडणं असं असेल, तर ती एकटेपणाची दहशत आहे. तिच्यासाठी प्राण्यांच्या वर्तनाचा अनुभव असलेल्या डॉक्टरांची मदत घ्या, कधी कधी काही महिने औषध लागतं.

प्रश्न : रात्री बाहेर खुट्ट झालं की भुंकतो. शेजारी आता बोलायला लागले आहेत.

उत्तर : रात्री पलंगावरून ‘ए गप्प!’ असं ओरडणं कुत्र्याच्या दृष्टीनं म्हणजे तुम्हीही त्याच्याबरोबर भुंकलात. त्यानं हुरूप येतो.

आधी जागा बदला. खिडकी, गच्चीचं दार, जिना यांपासून दूर, घराच्या मधल्या खोलीत गादी घाला. एकसुरी आवाज लावा, पंखा पुरतो. मग दिवसा सराव करा. घरातल्या कुणीतरी दारावर हलकं टिचकावायचं. भुंकण्याआधी एक क्षण असतो. कान पुढे, तोंड मिटलेलं, मान ताठ, घशात पहिली गुरगुर. त्या क्षणी शांत आवाजात ‘कळलं, ये’ म्हणा आणि गादीवर खाऊ टाका. रोज दहा वेळा, दोन आठवडे. टकटक हळूहळू मोठी करत न्या. पूर्ण भुंकायला लागल्यावर खाऊ दाखवून गप्प करू नका, मग भुंकणं आणि खाऊ यांची जोडी जमते. रात्री प्रत्यक्ष भुंकला तर उठा, एकदाच ‘कळलं, ये’ म्हणा आणि गादीकडे चालायला लागा. विजेचा झटका देणारे पट्टे वापरू नका. आवाजाच्या भीतीत वेदनेची भर पडते आणि काही कुत्रे भुंकायचं सोडून थेट चावायला शिकतात.

प्रश्न : कुत्रा तेरा वर्षांचा. दिवसभर झोपतो, रात्री एकनंतर घरभर फिरतो, धापा टाकतो, भिंतीकडे बघत उभा राहतो. वयामुळे असं होतंच, असं सगळे म्हणतात.

उत्तर : वय हे कारण नव्हे. वयाबरोबर येणारी कारणं आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकावर काही ना काही करता येतं. म्हणून आधी तपासणी. सांधे, रक्त, लघवी, रक्तदाब, डोळे, कान.

सांधेदुखीचा कुत्रा क्वचितच कण्हतो. तो गादीवर चार-पाच घिरट्या घालतो, अर्धा बसतो, पुन्हा उठतो, शेवटी धप्पकन अंग टाकतो आणि तासाभरानं आखडून उठतो. मनगट किंवा गुडघा चाटत बसतो. त्याच्या गादीवर तुमचा गुडघा टेकवून भार द्या. फरशी लागली तर त्यालाही लागते. मोठ्या कुत्र्याला निदान चार इंच घट्ट फोम हवा. गादीपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत न घसरणाऱ्या पट्ट्या अंथरा. वेदनाशामक डॉक्टरांनी दिलेलंच द्यायचं. माणसांच्या आयबुप्रोफेननं आणि पॅरासिटामॉलनं कुत्र्यांना विषबाधा होते.

भिंतीकडे बघणं, दार बिजागरीच्या बाजूनं उघडेल म्हणून तिथे उभं राहणं, सोफ्यामागे शिरून मागे येता न येणं, ओळखीच्या माणसाला न ओळखणं, दिवस-रात्र उलटणं, ही मेंदूच्या ऱ्हासाची लक्षणं आहेत. हे दुर्मीळ नाही. एका पाहणीत ११-१२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत यांतलं निदान एक लक्षण सापडलं होतं. आजार उलटवता येत नाही, रात्री मात्र सुसह्य करता येतात.

काम दिवसा करायचं असतं. सकाळी उठल्याबरोबर पंधरा मिनिटं उन्हात. दिवसभरात तीन छोट्या फेऱ्या, दहा-दहा मिनिटांच्या. दुपारी चारनंतर सलग झोपू देऊ नका. नाकापाशी खाऊ धरून हळूच उठवा, काहीतरी हुंगायला लावा. झोपण्याआधी शू. रात्री त्याच्या वाटेवर दोन छोटे दिवे, कारण अंधूक दिसणारा कुत्रा अंधारात जास्त गोंधळतो. सामान हलवू नका, सोफ्यामागची फट उशीनं बंद करा. एक वाजता उठला तर आधी शूला न्या, मग पाणी, मग त्याच्या शेजारी पाच मिनिटं हात ठेवून बसा. या वयात दुर्लक्ष करून शिकवायचं काही उरलेलं नसतं.

डॉक्टर मेंदूच्या या ऱ्हासासाठी सेलेजिलीन हे औषध सुचवतील. ते सकाळी देतात आणि परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागतो. फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन, ट्रामाडॉल किंवा गोचिडांसाठी अमिट्राझचं औषध चालू असेल तर आधी सांगा, यांच्याबरोबर ते धोक्याचं आहे. मेलाटोनिनही काही डॉक्टर देतात, पण माणसांसाठीची चघळायची गोळी परस्पर देऊ नका. काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असतं आणि ते कुत्र्याला विष आहे.

प्रश्न : चौदा किलोची मादी, वय आठ. महिनाभर रात्री दोनदा शूला उठते. पाणीही फार पिते असं वाटतं. रात्री भांडं उचलून ठेवू का?

उत्तर : अजिबात नको. पिल्लाचा नियम इथे लावू नका. शरीर पाणी बाहेर टाकत असेल म्हणून ती पीत असेल, तर भांडं उचलल्यानं ती कोरडी पडेल.

‘फार’ म्हणजे किती ते मोजा. सकाळी आठला दोन लिटर पाणी मोजून बाटलीत भरा आणि दिवसभर भांड्यात तेच ओता. बादल्या, संडास, इतर भांडी बंद. दुसऱ्या दिवशी आठला भांड्यातलं आणि बाटलीतलं उरलेलं मोजून वजा करा. असे तीन दिवस. साधारण किलोमागे ५० ते ६० मिली ठीक, म्हणजे तिच्यासाठी ७०० ते ८४०. किलोमागे १०० च्या वर, म्हणजे १४०० मिलीच्या पुढे रोज जात असेल तर लगेच तपासणी. ओलं जेवण खाणाऱ्या कुत्र्याचा आकडा कमी यायला हवा, उकाड्यात थोडा वाढतो.

तपासणीला जाताना तीन दिवसांचे आकडे आणि सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना न्या. लांब दांड्याचा जुना पळा गरम पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा, शू सुरू झाल्यावर मागून हळूच खाली धरा, स्वच्छ डबीत ओता. तासाभरात पोचणार नसाल तर डबी फ्रिजमध्ये. डॉक्टर मूत्रपिंड, मधुमेह, कुशिंग (कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) आणि संसर्ग बघतील. खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर तहान त्यानंही वाढते, पण गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. नसबंदी झालेली नसेल आणि माजावर येऊन महिना-दोन महिने झाले असतील तर थांबूच नका. गर्भाशयात पू झाल्याचं हे पहिलं लक्षण असू शकतं, स्राव दिसलाच पाहिजे असं नाही.

प्रश्न : झोपेत पाय मारतो, कुंई कुंई करतो, मधूनच अर्धवट भुंकतो. उठवावं का?

उत्तर : नको, स्वप्न आहे. हालचाल तुटक असते, पंजे थरथरतात, मिशा आणि पापण्या फडफडतात, मिनिट-दोन मिनिटांत संपतं. उठवायचंच असेल तर लांबून नावानं हाक मारा, हात लावू नका. दचकून चावला तर दोष त्याचा नाही.

पाय ताठ होऊन एका लयीत झटके येत असतील, लाळ गळत असेल, शू होत असेल, हाकेला जाग येत नसेल आणि नंतर कितीतरी वेळ तो भांबावलेला राहत असेल, तर ती फिट असू शकते. घड्याळ लावा, मोबाइलवर चित्रीकरण करा, तोंडात हात घालू नका. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना.

गाढ झोपेत असताना आणखी एक गोष्ट मोजून ठेवा, विशेषतः कुत्र्याला हृदयाचा त्रास असेल किंवा रात्री खोकून उठत असेल तर. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. पूर्ण मिनिटभर मोजा, स्वप्न चालू असताना नाही. तीसच्या आत असेल तर ठीक. लागोपाठ तीसच्या वर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.